धुक्यातला दम

एकोणऐंशी साल सरत आलं होतं. पौष लागला होता आणि वैनगंगेकाठचं धुकं असं दाट पडायचं की आपलाच हात लांब केला तर परका वाटावा. भंडाऱ्याजवळच्या कारध्यापासून दोन कोसांवर, एका बंद पडलेल्या धानगिरणीच्या इमारतीत तेव्हा एक बालसदन होतं. आईबाप नसलेली, किंवा असूनही नसल्यासारखी, सव्वीस पोरं तिथं राहायची. पोरांचं सगळं बघायला निर्मलाबाई, रांधायला कुंताबाई आणि राखण करायला म्हातारा गोमाजी. एवढ्यावर सगळा कारभार चालायचा.

निर्मलाबाई मूळच्या तुमसरच्या. वय पंचेचाळीसच्या पुढं, तोंड फटकळ, आवाज असा की गिरणीचा भोंगा बंद पडल्याची खंत गावाला वाटू नये. भुताखेतांचं त्यांना कधी भय वाटलं नाही. गोमाजीकडं शिवारातल्या प्रत्येक झाडाची एकेक हडळ होती आणि तो संध्याकाळी चिलीम ओढत पोरांना त्या वाटून द्यायचा. बाई त्याला म्हणायच्या, "गोमाजी, तुमच्या हडळींले सांगा, येताना चार लाकडं घेऊन या." त्यांना भय होतं ते एकाच गोष्टीचं. सव्वीस पोरं बाहेर जातात, सव्वीस परत यायला पाहिजेत.

आणि बाहेर तर रोज जावंच लागायचं. संडास बांधायचं अनुदान तीन वर्षांपासून येऊन राहिलं होतं. तोवर पोरं पहाटे टमरेल घेऊन धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेताच्या वाफ्यांमध्ये, जायची. आदल्या हिवाळ्यात एक पोरगं धुक्यात वाट चुकून थेट नदीच्या रेतीवर गेलं होतं. डोंगेवाल्यानं ते आणून दिलं तेव्हा बाईंनी आधी त्याला बडवलं, मग पोटाशी धरलं आणि त्याच दुपारी सदनात एक नवा नियम आला.

तो असा. पोरांना कबड्डीचं वेड होतं. शाळेतले तुलाराम मास्तर एका बांधीत धानाचा कोंडा पसरून, राखेनं रेघा मारून त्यांचा सराव घ्यायचे. बाई म्हणाल्या, "कबड्डी खेळता न? मंग खेळत जा अन् खेळत या." म्हणजे धुकं असलं की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं जाताना नि येताना मोठ्यानं 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. दम संपला की श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू करायचं. बाई ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत राहणार. आवाज थांबला की त्या काठी घेऊन निघणार. आणि परत आल्यावर प्रत्येकानं पायरीवर थाप मारायची. बांधीतल्या मोठ्या पळसापासून पायरीपर्यंत जो एकाच दमात येईल त्यानं थाप मारल्यावरच श्वास घ्यायचा आणि गुळाचा खडा घ्यायचा. गुळापायी पोरं लाल तोंडानं, डोळे बाहेर काढून यायची. बाईंना सव्वीसही आवाज पाठ झाले होते. घनश्यामचा, वयात आल्यामुळं फाटलेला. एकाचा 'खबड्डी'. आणि इश्वरचा, बारीक आणि सरळ.

इश्वर अकरा वर्षांचा. अंगानं काडी, पण दम सगळ्यांत लांब. सव्वीस जानेवारीला भंडाऱ्याला सामने होते आणि तुलाराम मास्तरांनी संघात सगळ्यांत लहान म्हणून त्याचं नाव घेतलं होतं. तेव्हापासून पोरगं झोपेतही कबड्डी म्हणायचं. सदनाच्या बाईनं कुणा एकाला जास्त जीव लावू नये, असं म्हणतात. निर्मलाबाईंनी तो लावला होता आणि तो लपवण्यासाठी त्या इश्वरला सगळ्यांत जास्त रागवायच्या. ही लबाडी सव्वीसही पोरांना कळत होती.

आता पुढचं ऐका. पळसाच्या पलीकडं सदन चालवणाऱ्या संस्थेनं उन्हाळ्यात एक विहीर खणायला घेतली होती. अठरा फुटांवर काळा दगड लागला, खणणारे फावडी उचलून गेले ते गेलेच. पावसाचं मांडीभर पाणी तळाशी राहिलं. काठ बांधलेला नाही म्हणून भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. पौषात थंडी अशी पडली की ओली लाकडं पेटेनात, अंघोळीचं पाणी तापेना. कुंताबाईनं कटकट केली. तेव्हा निर्मलाबाईच गोमाजीला म्हणाल्या, "विहिरीवरची काटी जाळा. उद्या-परवा नवीन आणू." उद्या गेला, परवा गेला, त्यावर आणखी दोन दिवस गेले. पोरांना विहीर माहीत होती. आणि आवाज तर येतोच आहे, मग काळजी कसली, असं बाईंना वाटलं. ही चूक त्यांची होती. पुढं त्यांनी ती कधी दुसऱ्यावर ढकलली नाही.

त्या दिवशी पहाटे पोरं टमरेलं घेऊन निघाली. बाई चहाची बशी घेऊन पायरीवर बसल्या. धुक्यात चारी बाजूंनी कबड्डीचा गलका विरत गेला, थोड्या वेळानं पुन्हा जवळ यायला लागला. एकेक थाप पायरीवर पडू लागली. कुणाला गूळ, कुणाला टपली. तेवीस झाली, चोवीस झाली, पंचवीसही झाली. एकच आवाज बाहेर राहिला. पळसाच्या बाजूनं, बारीक आणि सरळ. कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी...

इश्वर. बाई मनातल्या मनात हसल्या. पोरगं सराव करतंय, आज गूळ घेऊनच येणार. त्यांनी गुळाचा त्यातल्या त्यात मोठा खडा बाजूला काढून ठेवला.

आवाज चालूच राहिला. चहा संपला. बाईंनी बशी उपडी केली. आता श्वास घेईल, मग घेईल, असं म्हणत त्या कान देऊन बसल्या. तो श्वास काही येईना. त्यांनी उगाच मोजायला सुरुवात केली. साठ झाले, शंभर झाले. आवाज उंच होईना, बुडेना. दम संपत आला की शब्द घाईघाईनं एकमेकांवर चढतात, तसं काहीच होईना.

घनश्याम डोकं पुसत मागं येऊन उभा राहिला. "बाई, कोन हाय तो?"

"इश्वर. दुसरं कोन?"

"नाई वो बाई." घनश्यामचा आवाज एकदम खाली आला. "इश्वरचा दम चाळीसच्या वर जात नाई. मीच मोजतो न रोज..."

ओसरीवरची पोरं पायरीशी गोळा झाली. न्हाणीतला पाण्याचा आवाजही थांबला. पंचवीस पोरं उभी आणि बाहेरून तो अखंड आवाज. गोमाजी खांबाला टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला, "मी कवाचा आयकून राहिलो, बाई. चिलीम पेटवली तवा सुरू होतं. आता चिलीम इझली, तरी सुरूच हाय. हा मानसाचा दम नाई. तुमी जाऊ नोका..."

 आयुष्यात पहिल्यांदा निर्मलाबाईंना गोमाजीचं खरं वाटलं. पण त्याच क्षणी दुसरी गोष्टही त्यांना कळली आणि ती पहिलीहून भयंकर होती. हा आवाज इश्वरचा नसेल, तर इश्वरचा आवाज बंद आहे.

"मानसाचा नसन तर नसो," त्या म्हणाल्या. "माया पोट्टा कोठं हाय?"

कंदील उचलून त्या निघाल्या.

दहा पावलांवर मागची ओसरी दिसेनाशी झाली. कापलेल्या धानाची धसकटं पायांना टोचत होती, लुगड्याचा काठ दवानं भिजून जड झाला होता. कंदिलाचा उजेड धुक्यात पुढं जाईना, तो त्यांच्याभोवतीच पिवळा होऊन राहिला. आणि आवाज... त्या चालत होत्या तरी तो मोठा होत नव्हता. ओसरीवर जेवढा ऐकू येत होता तेवढाच, जणू त्यांच्या सोबतीनं चालत होता. एकदा त्या अंदाज चुकून नाल्याकडं वळल्या. तसा आवाज पार बारीक झाला, विझायला आला. त्या घाबरून थांबल्या, दोन पावलं मागं आल्या. आवाज पुन्हा होता तेवढा झाला.  तो आपल्याला वाट दाखवतोय, हे त्यांना कळलं होतं. कुठली वाट, ते कळत नव्हतं.

"इश्वर..." त्यांनी हाक मारली.

 हाकेनं तो दम तुटला नाही.

पळसाचं खोड समोर आलं. त्याला वळसा घातला आणि ओल्या मातीचा, कुजक्या पाल्याचा वास नाकात शिरला. अन् आवाज एकाएकी पायांखालून यायला लागला. बाई जागच्या जागी गोठल्या. उजव्या पायाखालचं ढेकूळ निसटलं आणि खाली, खोल, पाण्यात डुबुक झालं. इथं काटी होती. चार दिवसांपूर्वीपर्यंत इथं बोरीची काटी होती.

त्या मागं सरकल्या, पालथ्या पडल्या आणि कंदील हातभर खाली धरला. विहिरीत धुकं उतरलं नव्हतं, उजेड तळापर्यंत गेला.

इश्वर खाली होता. मध्यभागी, छातीभर पाण्यात बसलेला. भिंत त्याच्यापासून दोन हात लांब, तरी तो टेकून बसला होता. मागं कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवावं तशी त्याची मान वर, हनुवटी पाण्याबाहेर. कपाळावर रक्त. डोळे मिटलेले, ओठ निळे आणि घट्ट मिटलेले. आणि तिथूनच, त्याच्या मिटलेल्या तोंडाशेजारून, कबड्डी कबड्डी कबड्डी...

"गोमाजी!" बाई ओरडल्या. त्या ओरडण्यात भोंग्याचं बळ होतं.

गोमाजी आला. घाबरत, रामाचं नाव घेत, पण येताना मोटेचा जाड नाडा खांद्यावर टाकून आला. मागं घनश्याम आणि चार मोठी पोरं. म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं, ऐकलं. पोरांकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. मग पटका काढून त्यानं पळसाच्या मुळाशी ठेवला, नाडा बुंध्याला बांधला आणि धोतर खोचलं.

"भेव त लागून राहिलं, बाई," तो म्हणाला. "पन पोट्टं आपलं हाय."

तो उतरत गेला तसा कंदिलाच्या उजेडात लहान होत गेला. वर सगळ्यांनी नाडा धरला होता. खालून दम चालूच होता. गोमाजीचे पाय पाण्यात पडल्याचा आवाज आला, मग दोन-तीन डुबकण्या, मग त्यानं पोराच्या काखेत हात घातले. आणि तेव्हाच आवाज थांबला. दम तुटल्यावर माणूस धपापतो, धापा टाकतो, तसलं काही नाही. हातातलं ओझं दुसऱ्याच्या हातात गेल्यावर थांबावं, तसा थांबला. इश्वरची मान लगेच कलली आणि सगळा भार गोमाजीवर आला.

"वढा!" खालून म्हातारा रडत ओरडला. "जिता हाय! वढा रे पोट्टेहो!"

त्यांनी ओढलं. काठावर आल्यावर बाईंनी इश्वरला मांडीवर घेतलं, तोंडाशी कान नेला. श्वास होता. कापरा, ओला, पण होता. निर्मलाबाईंनी मोठ्यानं भोकाड पसरलं. आपल्या बाईला रडताना पोरांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं तीही रडायला लागली आणि गोमाजी वर येऊन चिखलात बसला तर सगळे त्यालाही मिठ्या मारायला लागले. धुकं तसंच होतं, पण आता त्यात फक्त आपल्या माणसांचे आवाज होते. बाईंना एवढं हलकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

कुंताबाईनं विटा तापवून फडक्यात बांधल्या, घोंगडी आणली. बैलगाडीत घालून पूल ओलांडून इश्वरला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. नडगी मोडली होती, डोक्याला खोक पडली होती. जीवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा बाईंनी भिंतीला हात टेकला.

"एक कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "हा मार लागल्याबरोबर पोरगं बेशुद्ध झालं असणार. मग पाण्यात कलंडलं कसं नाही?"

"कोनाले ठाऊक," बाई म्हणाल्या. खोटं बोलायला त्यांना नेहमी त्रास व्हायचा. त्या दिवशी झाला नाही.

तिसऱ्या दिवशी इश्वर नीट बोलायला लागला. आधी त्यानं सामन्यांचं विचारलं आणि पाय पाहून रडला. बाईंनी त्याला पेज भरवली. मग त्याच्या केसांतून हात फिरवत, दुसरंच काही विचारल्यासारखं विचारलं, "तू खाली पडला तवा ओरडला नाई काहून रे?"

"दम तुटला न, बाई. पडल्यापडल्याच तुटला." त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आवाज लहान केला. "मी पान्यात जाऊन राहिलो होतो. मंग मांगून कोनी तरी मले धरलं. कवटाळून धरलं. मी म्हटलं, बाईले आवाज द्याचा हाय, सोड. तर तो म्हने, तू गप राय. तू बाद झाला. आता माया दम..."

"कोन होता?"

"आपल्यातलाच वाटला. पोट्ट्याचाच आवाज होता. पन नाव काई केल्या आठवे ना." इश्वरला झोप येत होती. "लई येळ झाला तवा मी इचारलं, अजून किती? तो म्हने, गंज बाकी हाय, लई हाय. मले घाई नाई."

बाईंनी पेजेचं भांडं खाली ठेवलं. सदन सुरू झाल्यापासून तिथं एकही पोरगं दगावलं नव्हतं. गिरणी चालू असतानाचं कुणाला काय ठाऊक. गोमाजीला विचारलं असतं तर त्यानं लगेच चार गोष्टी सांगितल्या असत्या, म्हणून त्यांनी त्याला विचारलं नाही.

परत येताच त्यांनी संस्थेच्या लोकांपुढं उभं राहून सांगितलं, काटी माझ्या सांगण्यावरून जाळली, नोकरीवरून काढायचं तर काढा, पण विहीर आधी बुजवा. त्यांना कुणी काढलं नाही. विहीर दोन दिवसांत बुजली. मजूर होतेच, पण पोरांनीही घमेली वाहिली आणि वरची माती नाचून नाचून दाबली. सव्वीस जानेवारीला संघ दुसऱ्याच सामन्यात दोन गुणांनी हरला. इश्वर पायाला प्लास्टर घालून रेघेबाहेर बाकावर बसला होता आणि सगळ्यांत जास्त तोच ओरडला. परतीच्या वाटेवर पोरांनी त्याला आळीपाळीनं पाठुंगळी घेतलं. हरून आलेली पोरं एवढी खुश कशी, असं कारध्याच्या चौकात लोकांनी विचारलं म्हणतात.

आता पोरं जोडीजोडीनं जायची, बाई पायरीवर न बसता बांधीच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत जाऊन उभ्या राहायच्या. पण दमाचा नियम त्यांनी मोडला नाही. तो मोडायचा त्यांना धीर झाला नाही.

माघाच्या मध्यावर एकदा शेवटचं म्हणावं असं धुकं पडलं. पोरं गेली, आली. पंचवीस थापा पायरीवर पडल्या. सव्विसावा इश्वर पाय लांब करून ओसरीवरच बसला होता. बाईंनी दोनदा गिनती केली, सगळी आत होती. त्यांनी समाधानानं दाराकडं पाऊल टाकलं.

बाहेर, पळसाच्या पलीकडं, बुजवलेल्या जागेवरून दम सुरू झाला.

कबड्डी कबड्डी कबड्डी... बारीक आणि सरळ. या वेळी तो एका जागी नव्हता. पळसाला वळसा घालून, बांधीतून, धसकटांवरून, येत होता. पोरं न्हाणीवर भांडत होती, त्यांना ऐकू गेलं नाही. इश्वरनं मात्र बाईंचा पदर धरला.

"बाई..." तो कुजबुजला. "येऊन राहिला."

पळून जावं असं निर्मलाबाईंना वाटलं. पण हा जो कोणी येत होता त्यानं त्यांचं पोर धरून ठेवलं होतं, हेही त्या विसरल्या नव्हत्या. बाहेरून आलेल्या पोराला दारात कुणी उभं पाहिजे, हे त्यांच्या हाडात भिनलं होतं. त्या कंदील धरून पायरीच्या वर उभ्या राहिल्या. धुक्यात काही हललं नाही. आवाज अंगणात आला, तुळशीजवळून गेला आणि अगदी पुढ्यात आला.

पायरीवर थाप पडली. लहान हाताची, ओली.

आणि मग दम थांबला आणि त्यानं पहिल्यांदाच श्वास घेतला. लांब, पोट भरून, कितीतरी वर्षांचा राहून गेलेला घ्यावा तसा. तो सुटला तेव्हा त्याची ऊब निर्मलाबाईंच्या उघड्या पावलांना लागली.